फसलेली विज्ञानमालिका नव्यानं करायला हरकत काय?

वेगा

जुना_प्रेक्षक यांनी परवा लिहिलं की जुन्या विज्ञानमालिका पुन्हा काढणं म्हणजे कल्पनाशक्तीचं दिवाळं, असे सगळे 'रीबूट' निव्वळ पैशासाठी होतात, आणि पीकॉक या अमेरिकी स्ट्रीमिंग सेवेनं २०१९मध्ये जाहीर केलेली नवी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' २०२४मध्ये गुंडाळली हे उत्तम झालं. खाली '+१'ची रांग लागली. प्रतिसाद लिहायला बसलो तो लांबतच गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

'गॅलॅक्टिका'चं नाव तुम्हीच घेतलंत, तर तिथूनच बोलू. १९७८ची मालिका आज पुन्हा बघा. आठवणीतली नको, पडद्यावरची. सुरुवातीलाच सायलन नावाच्या यंत्रमानवांच्या हल्ल्यात माणसांच्या बारा वसाहती बेचिराख होतात, अब्जावधी माणसं मरतात, उरलेली मूठभर जहाजं पळ काढतात. आणि त्याच पहिल्या कथेत, सुतकसुद्धा फिटलेलं नसताना, ही माणसं कॅरिलॉन ग्रहावरच्या कॅसिनोत जुगार खेळतात! मालिकेचा कर्ता ग्लेन लार्सन, त्याला यातली विसंगती कळत नसेल असं मला वाटत नाही. एबीसी वाहिनीला रविवारी संध्याकाळी सगळ्या घरानं एकत्र बसून बघायची मालिका हवी होती, आणि मानववंशाचा संहार हा विषय त्या वेळेला चालणारा नव्हता. जॉन डिक्स्ट्राचे स्पेशल इफेक्ट्स होते, खर्च अफाट होता. पुढे पुढे तेच व्हायपर लढाऊ विमान त्याच कोनातून सुटतंय, तेच सायलन यान तसंच फुटतंय. एका हंगामात मालिका बंद. मग १९८०मध्ये 'गॅलॅक्टिका १९८०' नावानं जे काही आलं, उडत्या मोटरसायकली आणि पृथ्वीवरची पोरंटोरं, त्याबद्दल मूळ मालिकेचे भक्तही बोलत नाहीत.

आता २००३. रोनाल्ड मूर 'स्टार ट्रेक'मध्ये अनेक वर्षं लिहून बाहेर पडलेला माणूस. त्यानं तीच कल्पना घेतली आणि लार्सनला जे प्रश्न विचारता आले नाहीत ते विचारले. पाणी कुठून आणायचं? निवडणूक घ्यायची की लष्करानं कारभार बघायचा? माणसंच एवढी कमी उरली असतील तर गर्भपाताला परवानगी द्यायची का? पहिला नियमित भाग '३३' आठवा. दर तेहतीस मिनिटांनी सायलन येऊन थडकतात, पाच दिवस कोणाला झोप नाही, आणि शेवटी आपल्याच माणसांनी भरलेलं जहाज पाडायची वेळ येते. राष्ट्राध्यक्ष रॉझलिनच्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा घटत जातो, आणि शेवटी एक मूल जन्मतं म्हणून तो एकानं वाढतो. या भागाला २००५चं ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचं मानाचं पारितोषिक, मिळालं. २००६मध्ये इराक धुमसत असताना त्यांनी माणसांना परक्यांच्या ताब्यातली जनता दाखवलं, सायलनांना ताबा घेणारं सैन्य, आणि आपल्या लाडक्या पात्रांकडून आत्मघातकी हल्ले करवले. अमेरिकी टीव्हीवर! २००९मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात मानवी हक्कांवरच्या चर्चेला या मालिकेची मंडळी बसली होती. हे सगळं पैशासाठी झालं म्हणता?

माझं म्हणणं सरळ आहे. जिची कल्पना मोठी आणि जिचा प्रयोग फसला, ती मालिका नव्यानं करावी, पुन्हा पुन्हा करावी. जी जमून गेली तिच्या वाटेला जाऊ नये. 'ट्वायलाइट झोन'चं उदाहरण घ्या. तिचा कर्ता रॉड सर्लिंग. त्यानं १९५६मध्ये एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या वर्णद्वेषी खुनावरून सुचलेलं नाटक लिहिलं, तर प्रायोजकांनी ते ओळखू येईना इतकं बदलायला लावलं. म्हणून तो १९५९मध्ये परग्रहवासी आणि यंत्रमानवांकडे वळला. त्या अडवणुकीतून त्याच्या लेखनाला धार आली. २०१९च्या आवृत्तीला अडवणारं कोणी नव्हतं, तिनं सगळं थेट सांगून टाकलं, आणि दोन हंगामांत ती संपली. तिथे सुधारायचं काही उरलंच नव्हतं.

माझी यादी : 'स्पेस : १९९९' आणि 'ब्लेक्स ७', या जुन्या ब्रिटिश मालिका. दोन्ही करा. लवकर करा.

जुना_प्रेक्षक

माझ्या चार ओळींवर एवढा मोठा धागा, म्हणजे वर्मी लागलं असावं. उत्तर देतो.

तुम्ही जमलेला एकच रीबूट दाखवता. त्याच डेव्हिड आयकनं, मूरच्या 'गॅलॅक्टिका'च्या निर्मात्यानं, २००७मध्ये 'बायॉनिक वुमन' पुन्हा काढली. आठ भागांत खेळ आटोपला. 'व्ही' २००९मध्ये आली, दोन हंगाम. 'नाइट रायडर' २००८, एक हंगाम. 'क्वांटम लीप' २०२२, दोन हंगाम. तुमच्या नियमाप्रमाणे यांतल्या कोणत्या मूळ मालिका फसलेल्या होत्या? सगळ्या गाजलेल्या. निर्मात्यांना फसलेली मालिका नकोच असते, त्यांना लोकांच्या ओळखीचं नाव हवं असतं. तुमचा नियम कागदावर छान आहे, पण पैसे घालणारा माणूस तो कधी पाळणार नाही.

दुसरं, आणि हे मला जास्त लागतं. रिचर्ड हॅचनं, जुन्या 'गॅलॅक्टिका'त अपोलो करणाऱ्या नटानं, वर्षानुवर्षं धडपड केली की मालिका पुढे चालू करा, आम्ही म्हातारे झालोय तसेच आम्हाला दाखवा. १९९९मध्ये पदरमोड करून त्यानं 'द सेकंड कमिंग'चा ट्रेलर बनवला. त्याला बाजूला सारून सगळं पुसून नव्यानं केलं. पुढे चालू ठेवता येत नव्हतं का? बीबीसीची 'डॉक्टर हू' २००५मध्ये परत आली तेव्हा रसेल टी. डेव्हिसनं काहीही पुसलं नाही. १९६३पासूनचं सगळं तसंच ठेवून पुढचं पान लिहिलं. तिला मी कधी नावं ठेवली नाहीत.

आम्ही 'गॅलॅक्टिका' व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याच्या कॅसेट आणून पाहिली. धाकट्या भावाला सायलनच्या लाल डोळ्याची इतकी भीती वाटायची की तो पलंगाखाली जायचा. कॅसिनो वगैरे कोणाला खटकलं नाही. आम्हाला त्या जहाजांची रांग दिसायची, घर हरवलेली माणसं दिसायची. ते सगळं तुम्ही 'फसलेलं' म्हणून एका वाक्यात मोडीत काढलंत.

वेगा

हॅचचं अर्धंच सांगितलंत. त्याच रिचर्ड हॅचनं नव्या मालिकेत सुरुवातीच्याच भागांत टॉम झॅरेकची भूमिका घेतली आणि ती शेवटच्या हंगामापर्यंत केली. ज्याचा सर्वांत जास्त विरोध होता त्यालाच पटलं. आणि काय भूमिका केली!

बाकी 'नाइट रायडर' वगैरेंबद्दल वाद नाही. त्या करायला नको होत्या, हेच तर मी म्हणतोय.

अनुराधा_नक्षत्र

अजून कोणी काढलं नाही, पण दहा प्रतिसादांत कोणीतरी स्टारबकचा, म्हणजे जुन्या 'गॅलॅक्टिका'त पुरुष आणि नव्या मालिकेत बाई असलेल्या वैमानिकाचा, विषय काढणारच, म्हणून मीच आधी लिहिते.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. आमच्या वाड्यात आम्ही पोरं जिन्यावर त्यातलं यान, एंटरप्राइज, मांडायचो. कर्क कोण, स्पॉक कोण, यावरून मारामाऱ्या व्हायच्या. माझ्या वाटणीला कायम उहुरा, कारण मुलगी मी एकटी. उहुरा मला आवडायचीच, पण खेळात तिनं करायचं काय, तर कानाला हात लावून सांगायचं, 'कॅप्टन, कोणीतरी संपर्क करतंय.' लढाया सगळ्या मुलांच्या. एकदा मी म्हटलं, आज यान मी चालवणार, तर सगळे खेळ सोडून घरी गेले.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी नवी स्टारबक, कारा थ्रेस, पाहिली. सिगार ओढणारी, वरिष्ठाच्या थोबाडीत मारणारी, जुगारी, चुकणारी, आणि ताफ्यातली सर्वांत चांगली वैमानिक. मूळ स्टारबक करणाऱ्या डर्क बेनेडिक्टनं २००४मध्ये मोठा लेख लिहून या बदलावर आग पाखडली होती. तो लेख मी वाचला आणि मला तो जिना आठवला.

जुना_प्रेक्षक, तुम्ही म्हणता तसं फक्त 'पुढे चालू' ठेवलं असतं, तर कारा आलीच नसती. म्हातारा स्टारबक आला असता आणि त्याच्या मागे एखादी तरुण मुलगी कानाला हात लावून उभी राहिली असती. मला जुन्या मालिका प्रिय आहेत. पण त्यांत मला जागा नव्हती.

निळा_धूमकेतू

अनुराधाताई, प्रतिसाद आवडला. पण कारा थ्रेसचं पुढे झालं काय ते आठवतं ना? चार हंगाम तिचं कोडं रचलं, ती मेली, परत आली, तिचंच प्रेत तिला सापडलं. आणि शेवटच्या भागात बोलता बोलता हवेत नाहीशी! सगळं देवाच्या आणि देवदूतांच्या माथी मारलं. वर सगळी जहाजं सूर्यात ढकलून दिली, औषधं-यंत्रांसकट, कोणी हूं की चूं केलं नाही. ज्या मालिकेनं पाण्याच्या थेंबाचा हिशोब मांडला तिनं शेवटी हिशोबच फेकून दिला. तेव्हा वेगा, ही मालिका 'जमलेली' कशी? तुमच्या नियमानं ती परत करायला पाहिजे.

वेगा

शेवटचा अर्धा तास मलाही पटत नाही. तेवढ्यासाठी आधीची पाच वर्षं फुकट जात नाहीत.

लीड्सवासी

जुना_प्रेक्षक यांनी 'डॉक्टर हू'चा दाखला दिला, त्यात एक भर. 'काहीही पुसलं नाही' हे कथेपुरतं खरं. टेप मात्र बीबीसीनं स्वतःच पुसल्या. साठ आणि सत्तरच्या दशकांत टेप महाग होत्या, पुन्हा वापरायच्या असत, आणि भाग परत दाखवायची सोय करारांत फारशी नव्हती, त्यामुळे ठेवायचं कारण कोणाला दिसलं नाही. साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग आजही गायब आहेत. जे मिळाले त्यांतले पुष्कळ परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटर फिल्मवरचे. २०१३मध्ये नायजेरियातून नऊ भाग मिळाले तेव्हा आमच्या ऑफिसात लोक काम सोडून त्याबद्दल बोलत होते.

आणि एक गोष्ट मला फार मोठी वाटते. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे. का? तर तेव्हाच्या शाळकरी पोरांनी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून तो घरी उतरवून घेतला होता. संस्थेनं जे फेकलं ते पोरांनी जपलं.

बीटाकॅम

हा धागा मी नुसता वाचून सोडणार होते, पण लीड्सवासींनी टेपचा विषय काढला आणि आता गप्प बसवत नाही. माझं आयुष्य एडिटिंग टेबलावर गेलंय.

रीबूट हवा की नको हा वाद मला दुय्यम वाटतो. आधी विचारा, मूळ माल जिवंत आहे का? 'स्टार ट्रेक'ची 'नेक्स्ट जनरेशन' ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, पण तिचं संकलन आणि इफेक्ट्सची जुळणी व्हिडिओ टेपवर झाली. म्हणजे १९८७ ते १९९४ या सात वर्षांच्या मालिकेची उत्तम दर्जाची पूर्ण प्रत अस्तित्वातच नव्हती. २०१२मध्ये तिच्या ब्ल्यू-रे, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्क, निघू लागल्या, त्यासाठी मूळ निगेटिव्हचे डबे उघडले, प्रत्येक शॉट हुडकला, पुन्हा स्कॅन केला आणि सगळे भाग पहिल्यापासून कापून जोडले. एंटरप्राइजचं मॉडेलसुद्धा फिल्मवर होतं, म्हणून ते आज इतकं सुंदर दिसतं. मी तो संच घेतला तेव्हा पहिली डिस्क कथा न बघता फक्त कापडांचे पोत बघत संपवली.

विक्री मनासारखी झाली नाही, म्हणून 'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या मालिका, 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर', तशाच धूसर राहिल्या. 'डीप स्पेस नाइन'वरच्या माहितीपटासाठी थोडी दृश्यं नव्यानं स्कॅन केली होती, ती बघा म्हणजे आपण काय गमावतोय ते कळेल.

आणि 'बॅबिलॉन ५'! तिचे इफेक्ट्स अमिगा संगणकावर, व्हिडिओ टोस्टर आणि लाइटवेव्ह ही तेव्हाची साधनं वापरून केले. माणसांचे शॉट फिल्मवर, तेही रुंद चौकटीचा विचार करून. अवकाशातले शॉट मात्र त्या काळच्या टीव्हीपुरत्या आकारात. मूळ संगणकी फायली जपल्या गेल्या नाहीत. नंतर डीव्हीडीला रुंद चौकट हवी म्हणून इफेक्ट्सचे शॉट वरून-खालून कापले, ते बघवत नाहीत. शेवटी अलीकडच्या रीमास्टरमध्ये चौकट परत जुनी केली.

आमच्याकडचं सांगते. नव्वदच्या दशकात मी मुंबईत एका निर्मात्याकडे होते, नाव लिहीत नाही. मालिका चॅनेलला देऊन झाली की मास्टरची यू-मॅटिक कॅसेट कपाटातून निघायची आणि त्यावरच दुसऱ्या मालिकेचं शूटिंग व्हायचं. एकदा मी वर्षभर खपून संकलित केलेली मालिका अशीच गेली. मी विचारलं तर उत्तर आलं, 'दाखवून झाली ना?' त्या मालिकेतल्या दोन ज्येष्ठ नटांचं शेवटचं काम त्यात होतं. मी अजून ते विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

म्हणून नव्या मालिकेवर एका भागाला जो पैसा उधळता, त्यातल्या थोडक्यात जुनीचं निगेटिव्ह वाचतं. आधी ते करा.

जुना_प्रेक्षक

बीटाकॅम, शंभर टक्के! मला नेमकं हेच म्हणायचं होतं. ही माणसं आजोबांचं घर दुरुस्त न करता त्याच पत्त्यावर टॉवर बांधतात आणि पाटीवर आजोबांचं नाव लावतात. वेगा, आता बोला.

वेगा

बोलतो. बीटाकॅमताईंचं दुःख खरं आहे, पण हिशोब जुळत नाही. रीबूट बंद केला म्हणून ते पैसे निगेटिव्हच्या डब्यांकडे वळत नाहीत, ते दुसऱ्या कुठल्या पोलीस मालिकेकडे जातात. 'डीप स्पेस नाइन' अडली ती रीबूटमुळे अडली नाही, घेणारे नव्हते म्हणून अडली. घेणारे कुठून येतात? २००५ची 'डॉक्टर हू' आली नसती, तर २०१३मध्ये तिची हरवलेली 'वेब ऑफ फिअर' ही कथा मिळाल्याची बातमी तुमच्या ऑफिसातल्या किती तरुणांना कळली असती, लीड्सवासी? माझी मुलगी मूरच्या 'गॅलॅक्टिका'वरून १९७८च्या मालिकेकडे गेली. नवी नसती तर जुनीचं नावही तिच्या कानावर पडलं नसतं.

निळा_धूमकेतू

मधला मार्ग आहे ना. २००६मध्ये मूळ 'स्टार ट्रेक'चं केलं तसं. जुने भाग तेच, फक्त यानांचे शॉट संगणकावर नवे. झकास दिसतात.

बीटाकॅम

हा मधला मार्ग नाही, ही मोडतोड आहे! रीबूट परवडला, तो निदान जुन्याला हात लावत नाही. १९६६मध्ये ज्यांनी यानाचं मॉडेल उजळवलं, फिल्मवर थरावर थर चढवले, त्यांचं काम उचलून टाकायचं आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं तशीच ठेवायची? याला मी फसवणूक म्हणते.

निळा_धूमकेतू

अहो, ब्ल्यू-रेवर दोन्ही आवृत्त्या दिल्यात. ज्याला जी बघायची ती बघा. प्रत्येक गोष्टीत एवढं तापायचं कारण समजत नाही.

बीटाकॅम

ब्ल्यू-रे किती जण घेतात? ज्यांना फुकट किंवा वर्गणीत बघायला मिळतं त्यांच्यापुढे बहुतेक वेळा नवीच आवृत्ती येते, आणि त्यांना तीच मूळ वाटते. तापते, कारण हे माझ्या हातानं केलेलं काम आहे. तुमच्यासाठी ती करमणूक असेल.

जुना_प्रेक्षक

वेगा, मुलीचं उदाहरण एका घरचं झालं. नव्या पिढीला तयार रंगीत हवं असतं, जुनं बघायचा संयम नाही, आणि तुम्ही त्यांचे लाड पुरवताय.

अनुराधा_नक्षत्र

पिढी काढायचं काम नाही. मी तुमच्याच पिढीची आहे.

वेगा

आणि मुलगी माझी आहे, तिच्या संयमाबद्दल तुम्हाला काही माहीत नाही. तिनं 'गॅलॅक्टिका १९८०'चेही सगळे भाग बघितले. तुम्ही बघितलेत?

जुना_प्रेक्षक

नाही. मुलीबद्दलचं वाक्य मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

एक अट मात्र मान्य करतो, आणि फक्त एवढीच. मूळ कर्त्यानं स्वतः नव्यानं केलं तर माझी हरकत नाही. मूळ कर्ता स्ट्राझिन्स्कीनं 'बॅबिलॉन ५'च्या ११०पैकी ९२ भाग एकट्यानं लिहिले. २०२१मध्ये तोच ती नव्यानं लिहिणार असं जाहीर झालं तेव्हा मला आनंदच झाला होता. तिच्या नटांपैकी कात्सुलास गेला, बिग्ज गेला, डॉयल, फर्स्ट गेले, मीरा फुर्लानही गेली. त्या माणसांनिशी पुढची गोष्ट सांगताच येणार नाही. तिथे नवीन सुरुवात करायचा हक्क त्याला आहे. इतर कोणाला नाही.

वेगा

पण मग मूर बाद होतो! लार्सन हयात असताना मूरनं ती केली, दुसऱ्या माणसानं केली, म्हणूनच ती वेगळी झाली. कर्त्याला स्वतःच्या मालिकेतला दोष दिसत नाही. 'बॅबिलॉन ५'ची कथा तर मुळात फसलेलीच नाही, फक्त तिचे इफेक्ट्स म्हातारे झालेत. नव्यानं करायला ती माझ्या यादीत बसत नाही.

बीटाकॅम

माझ्या यादीत ती पहिली आहे. फायलीच उरल्या नाहीत तर दुरुस्त काय करणार? जे वाचवता येतं ते वाचवा, जे वाचवता येत नाही ते नव्यानं करा. इथे मी वेगांच्या बाजूला आहे, कारण मात्र माझं आहे.

लीड्सवासी

अवांतर वाढलंच आहे तर विचारतो. आपल्याकडच्या विज्ञानमालिकांचे, 'स्पेस सिटी सिग्मा'चे किंवा १९९८च्या केतन मेहतांच्या 'कॅप्टन व्योम'चे भाग कोणी घरी व्हीसीआरवर उतरवून ठेवले होते का?

अनुराधा_नक्षत्र

भावाकडे 'सिग्मा' लिहिलेली एक कॅसेट आहे. माळ्यावर असते. त्यावर नंतर कोणाचं लग्न रेकॉर्ड झालं नसेल तर.

बीटाकॅम

ताई, ती व्हीसीआरमध्ये घालून बघू नका! आधी खिडकीतून टेपकडे नीट बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती चालवू नका, हेडही खराब होईल आणि टेप तुटेल. कॅसेट उभी ठेवा, टीव्ही-स्पीकरपासून लांब, कोरड्या जागी. बुरशी साफ करून डिजिटल प्रत काढणारे लोक आहेत, मला व्यक्तिगत निरोप पाठवा, मी सांगते. आणि लग्न निघालं तरी घाबरू नका, लग्नाच्या पुढे टेप शिल्लक असते, तिथे मागचं रेकॉर्डिंग बरेचदा तसंच राहिलेलं असतं. शेवटपर्यंत तपासून घ्या.

जुना_प्रेक्षक

'व्योम'चे काही भाग माझ्याकडे निघतील. रविवारी कपाट उघडतो. वेगा, 'ब्लेक्स ७'बद्दल आपलं बोलणं बाकी आहे. तिचा १९८१चा शेवट बदलायची तुमची इच्छा असेल तर मी कडाडून भांडणार आहे.